लेझीम काढले, सिंह राहिला : पडद्यावरचे तरुण संभाजी महाराज (दीर्घ थ्रेड)

जानेवारी २०२५ मध्ये 'छावा' या हिंदी चित्रपटाची झलक प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्रात वादळ उठले. झलकेत छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसत होते. छत्रपती असे नाचतील का, हा प्रश्न मंत्र्यांपासून राजघराण्याच्या वंशजांपर्यंत सर्वांनी विचारला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य वगळले आणि १४ फेब्रुवारीला चित्रपट प्रदर्शित झाला. प्रदर्शित चित्रपटात बुऱ्हाणपूरच्या छाप्यात महाराज सिंहाशी झुंजतात. त्यावर मात्र कोणी हरकत घेतली नाही.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की पडद्याचा आणि प्रेक्षकांचा अलिखित करार स्पष्ट होतो. राजा माणसासारखा आनंद करताना दिसला तर तो अवमान ठरतो. तोच राजा जे त्याने केल्याचे एकही साधन सांगत नाही ते करताना दिसला, तर तो गौरव ठरतो. म्हणजे खरे-खोटे हा मुद्दा या वादात कधी नव्हताच. मुद्दा फक्त प्रतिमेचा होता.

हा थ्रेड चित्रपट पाहू नका असे सांगण्यासाठी नाही. विकी कौशल यांनी अपार कष्ट घेतले आहेत आणि अक्षय खन्नांचा वृद्ध औरंगजेब लक्षात राहतो. वाद आहे तो एका समजुतीशी. समजूत अशी की, जुन्या नाटक-सिनेमांनी संभाजी महाराजांची जी बदनामी केली तिचे उत्तर नव्या भव्य चित्रपटांनी दिले. तसे झालेले नाही. दोन्ही परंपरांनी एकच गोष्ट गाळली आहे : तेविसाव्या वर्षी अधिकृतपणे सिंहासनावर बसलेला आणि जवळजवळ नऊ वर्षे प्रत्यक्ष राज्य केलेला राजा.

नंदुरबार, धुळे, जळगावच्या वाचकांनी बुऱ्हाणपूरपासूनच सुरुवात करावी, कारण ती घरची गोष्ट आहे. सतराव्या शतकात सुरतेहून आग्र्याला जाणारा एक मोठा व्यापारी मार्ग तापीच्या खोऱ्यातून जात असे. फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निये याने त्या मार्गाचे टप्पे नोंदवले आहेत. त्यांत नवापूर आहे, नंदुरबार आहे, पुढे थाळनेर आणि चोपडा आहे, आणि मग बुऱ्हाणपूर. नवापूर हे विणकरांनी भरलेले मोठे गाव असून तिथल्या बारीक तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असे तो लिहितो. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील ही गावे त्या काळी आडबाजूला नव्हती. मोगल साम्राज्याची संपत्ती ज्या वाटेने वाहत होती, त्या वाटेवरचे ते मुक्काम होते. बुऱ्हाणपूर ही त्या वाटेवरची सर्वांत श्रीमंत पेठ आणि खानदेश सुभ्याची राजधानी होती.

१६ जानेवारी १६८१ रोजी रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, जानेवारी संपता संपता, मराठी फौज बुऱ्हाणपूरच्या बाहेरच्या वस्तीवर येऊन कोसळली. छाप्याचे नेतृत्व मराठी इतिहासकार सरनोबत हंबीरराव मोहिते यांच्याकडे देतात. फौजेचा रोख तटबंदीतील शहरावर नव्हता. बहादूरपुरा आणि त्याच्या आसपासचे पुरे हे तिचे लक्ष्य होते. खाफीखानाने अशा सतरा पुऱ्यांचा उल्लेख केला आहे. सराफ, जवाहिरे, कापडाचे व्यापारी तिथे राहत. तीन दिवस लूट चालली. शहराचा किल्ला पडला नाही. औरंगाबादेहून निघालेला खानजहान बहादूर पोचेपर्यंत फौज चोपड्याच्या वाटेने साल्हेरकडे निघून गेली होती. त्याने मुद्दामच उशीर केला, मराठ्यांकडून पैसे खाल्ले, अशी कुजबुज मोगल गोटातच सुरू झाली.

पुढे जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. बुऱ्हाणपूरच्या उलेमांनी आणि प्रतिष्ठितांनी बादशहाला लिहिले की, आमच्या जीविताचे आणि वित्ताचे रक्षण होत नसेल तर आम्ही शुक्रवारची नमाज बंद करू. शुक्रवारच्या नमाजेतील खुतब्यात बादशहाचे नाव घेतले जाते. तेव्हा ही नुसती तक्रार नव्हती. राज्यकर्ता म्हणून तुमची मान्यता काढून घेऊ, अशी ती धमकी होती. औरंगजेबाने आपण जातीने दक्षिणेत येत असल्याचे कळवले. त्याच वर्षी त्याचा बंडखोर शहजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला आणि बादशहाला दक्षिणेत उतरण्याचे दुसरे कारण मिळाले. तो आला आणि पुन्हा कधी उत्तरेत परतला नाही.

या एका घटनेत नाट्याला काय कमी होते? व्यापारी पेठेची दहशत आहे, सेनापतीचा वेग आहे, लाचेचा संशय आहे, प्रजेने बादशहाला दिलेला इशारा आहे. चित्रपटाने यातले फार थोडे घेतले आणि त्या जागी सिंह आणून बसवला. त्या पुऱ्यांत राहणारी माणसे पडद्यावर पळणारी गर्दी होऊन राहिली. शिवाय हंबीररावांच्या मोहिमेचे नायकपण राजाकडे सरकवल्याने हंबीररावांचीही हानी झाली. त्यांची गोष्ट पुढे येईलच.

प्रतिमा मनोरंजनापुरती राहत नाही हे त्याच मार्च महिन्यात दिसले. बुऱ्हाणपूरपासून जवळ असलेल्या असीरगडाच्या पायथ्याशी माणसे रात्री विजेऱ्या घेऊन शेते खणू लागली. चित्रपटात पाहिलेला मोगलांचा खजिना इथेच पुरला असणार, असा त्यांचा समज होता. शेवटी प्रशासनाला ते थांबवावे लागले. या प्रकारावर हसता येते. पण १७ मार्चला नागपुरात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून दंगल झाली आणि दुसऱ्या दिवशी विधानसभेत खुद्द मुख्यमंत्र्यांनी लोकभावना पुन्हा जागी होण्यामागे या चित्रपटाचा उल्लेख केला. त्यावर हसता येत नाही. एरवी आक्षेप घेणाऱ्याला उत्तर मिळते की चित्रपट शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारित आहे, तो काही इतिहासाचे पुस्तक नव्हे. मग तोच चित्रपट सभागृहात आणि रस्त्यावर इतिहासाच्या जागी उभा कसा राहतो? चिकित्सा सुरू झाली की कादंबरी आणि आरोळी द्यायची वेळ आली की इतिहास, ही सोय फार झाली.

आता जुन्या बदनामीकडे वळू. तिचा मोठा झरा मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीत आहे. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. लेखकाचे पूर्वज बाळाजी आवजी चिटणीस यांना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये कटाच्या संशयावरून देहदंड दिला होता. घराण्याच्या स्मृतीत तो डाग राहणे स्वाभाविकच होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र ही बखर उघडताना ते नाते विसरून चालत नाही. बखरीतला व्यसनी, स्त्रीलंपट, संतापी राजपुत्र रंगभूमीने जवळजवळ जसाच्या तसा उचलला. राम गणेश गडकऱ्यांचे अपूर्ण राहिलेले 'राजसंन्यास' हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्या नाटकाच्या रागातून जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा उखडला गेला. १९१९ मध्ये निवर्तलेल्या नाटककाराला त्याच्या साधनांविषयी जाब विचारण्याची ही रीत फारच सोपी होती. बखर मात्र कपाटात सुरक्षित राहिली.

चित्रपटाने बखरीतल्या प्रतिमेला प्रेमकथेचा साज चढवला. भालजी पेंढारकरांच्या १९४१ च्या 'थोरातांची कमळा'त चंद्रकांत यांनी तरुण संभाजीराजे रंगवले. रुबाबदार राजपुत्र, सरदाराची देखणी मुलगी, वडिलांचा रोष, असा तो साचा होता. या दंतकथेला समकालीन आधार नाही हे पुढे वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांच्या संशोधनातून पुढे आले, पण गाव-तालुक्याच्या तंबूत चित्रपट पोचतो तिथे संशोधन पोचत नाही. मग १९६२ मध्ये वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' आले. काशिनाथ घाणेकरांच्या संभाजीने प्रेक्षकांना प्रथमच या तरुणाची बाजू दिली. ते नाटक थोर आहे, आणि तरीही त्यातला संभाजी हा प्रामुख्याने मुलगाच आहे : वडिलांच्या प्रेमाला आसुसलेला, दुखावलेला, उसळणारा. त्याचे राज्य पडदा पडल्यानंतर सुरू होते.

बेंद्र्यांचा चरित्रग्रंथ १९६० चा, कमल गोखल्यांचा 'शिवपुत्र संभाजी' १९७१ चा. दोघांनी आयुष्याची वर्षे घालून कागद तपासले आणि बखरीची भिंत पाडली. पाडलेल्या भिंतीच्या जागी नव्या पडद्याने मात्र मंदिर उभारले. २०१७ ते २०२० या काळात चाललेल्या 'स्वराज्यरक्षक संभाजी' मालिकेला एवढे श्रेय द्यावे लागेल की शेकडो भागांच्या अवकाशात तिने कारभार, फितुरी, मसलती यांना थोडी जागा दिली. अमोल कोल्हे यांचे महाराज अधूनमधून विचार करताना दिसत. चित्रपटांना तेवढीही सवड नाही. २०२४ मध्ये दोन आणि २०२५ मध्ये तिसरा चित्रपट आला, आणि त्यांचा ओढा शेवटाकडे आहे. 'छावा' दोन तास एकेचाळीस मिनिटांचा आहे. प्रेक्षक चित्रपटगृहातून जे घेऊन बाहेर पडतो ते संगमेश्वरची अटक आणि त्यानंतरचे छळाचे चाळीस दिवस. ते हौतात्म्य खरेच आहे आणि ते हेलावून टाकणारेच आहे. पण ११ मार्च १६८९ रोजी जो मारला गेला तो केवळ यातना सहन करणारा देह नव्हता. ज्याला बादशहा आठ वर्षे नमवू शकला नव्हता असा राज्यकर्ता होता. ती आठ वर्षे पडद्यावर नसतील तर औरंगजेबाला हा माणूस इतका का हवा होता, हेच कळत नाही.

ही खोड केवळ मराठी-हिंदी पडद्याची नाही. इंग्लंडचा सहावा एडवर्ड १५४७ मध्ये नवव्या वर्षी गादीवर आला आणि पंधराव्या वर्षी वारला. तो स्वतः दैनंदिनी लिहीत असे आणि ती उपलब्ध आहे. आपल्या सख्ख्या मामाचा, ड्यूक ऑफ सॉमरसेटचा शिरच्छेद झाल्याची नोंद त्याने एका कोरड्या वाक्यात केली आहे. हे वाक्य लिहिणारा चौदा वर्षांचा राजा पडद्यावर क्वचितच भेटतो. पडद्याला आवडतो तो मार्क ट्वेनच्या १८८१ च्या कादंबरीतला, भिकाऱ्याशी कपडे बदलणारा गोजिरवाणा राजपुत्र. त्याच कथेवर १९६८ मध्ये 'राजा और रंक' हा हिंदी चित्रपट निघाला आणि त्यात बाल महेश कोठारे यांनी दुहेरी भूमिका केली. त्याचा बाप आठवा हेन्री अठरावे वर्ष पुरे होण्याआधीच राजा झाला, तर 'द ट्यूडर्स' मालिकेने त्याच्या कारकिर्दीचे शयनगृह करून टाकले. राजा वयाने लहान असला की कॅमेऱ्याला त्याचे कोवळेपण, त्याचे प्रेम आणि त्याचा मृत्यू हवा असतो. त्याची सही असलेला कागद नको असतो. मराठीत थोरल्या माधवराव पेशव्यांचेही तेच झाले. सोळाव्या वर्षी पानिपतानंतरचे मोडके राज्य हाती घेऊन १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाला हरवणारा हा माणूस पडद्यावर मुख्यतः रमाबाईंचा पती म्हणून उरला.

संभाजी महाराजांच्या बाबतीत काय गाळले गेले याची मासलेवाईक उदाहरणे द्यायची तर १६८३ चा गोवा घ्यावा. पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. महाराज स्वतः मदतीला धावले आणि पोर्तुगीजांना माघार घ्यावी लागली. नोव्हेंबरच्या अखेरीस मराठ्यांनी रात्री जुवे बेटावरचा किल्ला घेतला. परत घ्यायला आलेला व्हाइसरॉय कसाबसा जीव वाचवून पळाला. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन त्याने आपला राजदंड संताच्या चरणी ठेवला आणि शहर वाचवण्याची करुणा भाकली. शहर वाचले, कारण शाह आलमची मोगल फौज कोकणात उतरत होती आणि मराठ्यांना मागे वळावे लागले. भरतीचे पाणी, अंधार, बेट, दंड ठेवणारा व्हाइसरॉय : दिग्दर्शकाने याहून अधिक काय मागावे? तरीही 'छावा'त या मोहिमेचा लक्षात राहील असा प्रसंग नाही. नाशिकजवळचा रामसेज मोगलांच्या एकामागून एक सरदारांना वर्षानुवर्षे दाद देत नव्हता. त्याचीही गत तीच.

याहून अवघड जागा म्हणजे १६७८ चा डिसेंबर. एकवीस वर्षांचे युवराज संभाजी वडिलांचे राज्य सोडून दिलेरखानाला जाऊन मिळाले. एप्रिल १६७९ मध्ये दिलेरखानाने भूपाळगड घेतला आणि सातशे कैद्यांचा एकेक हात तोडला. युवराज त्या छावणीत होते. पुढे ते दिलेरखानाच्या अत्याचारांना विटले आणि वर्ष संपायच्या आत विजापूरमार्गे पन्हाळ्याला परतले. बखरीला या घटनेत गुन्हा दिसला. आजच्या काही व्याख्यात्यांना यात पितापुत्रांनी रचलेला गनिमी कावा दिसतो. सातशे हात तुटल्यावर या काव्यातून नेमके काय हाती लागले, हे मात्र ते सांगत नाहीत. 'छावा'ची कथा शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सुरू होते, त्यामुळे हे वर्ष तिथे पडद्यावर उभेच राहत नाही. खरे तर या राजाची थोरवी इथेच मोजता येते. एकविसाव्या वर्षी घोर चूक करणारा आणि पुढे तीच मोगल सत्ता पायाशी यायला बोलावत असताना मरण पत्करणारा, हा एकच माणूस आहे. पहिले टोक कापले की दुसऱ्याची किंमत कळत नाही.

राहिले हंबीरराव आणि सोयराबाई. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराज गेले आणि रायगडावरच्या मंत्र्यांनी दहा वर्षांच्या राजारामाला मंचकावर बसवले. हंबीरराव हे सोयराबाईंचे भाऊ, म्हणजे राजारामांचे सख्खे मामा. सेनापतीने भाच्याच्या बाजूने तलवार उचलली असती तर यादवी अटळ होती. हंबीररावांनी भाच्याला सोडून संभाजी महाराजांचा पक्ष घेतला. बुऱ्हाणपुरावर घोडी घालणारा सेनापती नुकताच हा निर्णय घेऊन आलेला होता. त्याच्या चेहऱ्यावर त्या मोहिमेत काय असेल, याचा विचार करणारा नट आणि लेखक मराठी पडद्याला अजून मिळायचा आहे.

पडद्यावरची सोयराबाई ठरलेली असते : कपाळाला आठ्या, महालातली कुजबुज, सावत्र आईचा मत्सर. पण ऑगस्ट १६८० मध्ये संभाजी महाराजांनी बाकरे शास्त्र्यांना दिलेले संस्कृत दानपत्र उपलब्ध आहे. गादी हिरावून घेऊ पाहणाऱ्या घटनेला जेमतेम चार महिने झाले होते. त्या दानपत्रात त्यांनी सोयराबाईंचे मन स्फटिकासारखे निर्मळ असल्याचे म्हटले आहे आणि दोष मंत्र्यांना दिला आहे. हे मनापासून होते की मुत्सद्देगिरी होती, यावर वाद घालता येईल. ज्याला बखरीने दारूडा ठरवले आणि चित्रपटाने गर्जना करणारा योद्धा, तो तेविशीतला राजा आपल्या सावत्र आईविषयी संस्कृतात जपून शब्द निवडत होता, यावर मात्र वाद नाही. पुढच्या वर्षी कट उघडकीस आला. अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी, हिरोजी फर्जंद मारले गेले. ऑक्टोबर १६८१ मध्ये सोयराबाईंचाही अंत झाला. तो कसा झाला याबाबत साधनांत एकमत नाही. दानपत्रापासून त्या मृत्यूपर्यंत चौदा महिने होतात आणि त्यांच्या मधोमध रायगडावरचा राज्याभिषेक आणि बुऱ्हाणपूर येते.